जेवून येईपर्यंत

१

माझं नाव वासू. गुंद गावात रस्त्याच्या वरच्या अंगाला माझं घर आहे आणि घराला लागूनच सुतारकामाची शेड. मी मापाचा माणूस आहे हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं ऐकताना कुणी मला भुताखेतांचा नादी समजायचा. अर्ध्या सुताचा फरक मला नुसत्या डोळ्यांना कळतो. लग्नासाठी केशरला बघायला गेलो तेव्हा ती चहा घेऊन दारातून आत आली आणि मी मनात म्हटलं, पाच फूट दीड इंच. लग्नानंतर एकदा तिला चिडवायला म्हणून शेडच्या चौकटीला उभी करून टेप लावला. पाच फूट दीडच भरली. पेन्सिलची ती रेघ चौकटीवर अजून आहे.

कापणीच्या आधी केशर ओढ्यावरच्या दगडावरून घसरली. डोक्यावर गवताचा भारा होता, तो सोडला नाही आणि स्वतः पडली. उजव्या मांडीचं हाड मोडलं. दांडेलीला नेऊन आत सळी घातली. डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही. मग फोटो काढू आणि वॉकर धरून उभं करू.

तिची खाट पडवीत मांडली. माझं कामाचं टेबल शेडमध्ये. मधे बावीस फूट अंतर. पाणी हवं असलं, उशी सरकली, माकड अंगणात आलं की ती हाक मारायची आणि मी रंधा टाकून पळायचो. सगळ्यात वाईट म्हणजे ती कधीकधी हाक मारायचीच नाही. मी काम संपवून जावं तर गाल ओले असायचे. या पाच आठवड्यांइतकी गप्प मी तिला कधी पाहिली नव्हती, आणि ती पुन्हा चालणार की नाही ही काळजी मला आतून पोखरत होती. तिच्या जवळ बसून काम करता आलं पाहिजे, एवढंच मनात होतं.

मोबाइलवर एका कारागिराचं टेबल चाकांवर फिरताना पाहिलं. लगेच रामनगरला जाऊन ब्रेकवाली रबरी चाकं घेऊन आलो. चार चाकं, उंची साडेपाच इंच.

२

टेबल माझ्या उस्तादाचं, झिलूअज्जाचं. त्यांनी मला काम शिकवलं आणि थकल्यावर शेड माझ्या हवाली करून ते अणशीला लेकीकडे राहायला गेले. टेबलाचे चार पाय म्हणजे मत्तीच्या, म्हणजे ऐनाच्या लाकडाचे चार खांब. हातभर खोल जमिनीत पुरलेले, बुंध्याकडची बाजू खाली आणि शेंड्याकडची वर, जसं झाड उभं होतं तसे. वर चार इंच जाडीची फळी. रंधा मारताना ते केसभर हलायचं नाही. चाळीस वर्षं ते त्या जागी उभं होतं.

आता चाकं लावायची तर पाय कापायला हवे. जमिनीपासून साडेपाच इंचांवर कापले तर खाली चाकं बसून टेबलाची उंची पहिल्याइतकीच राहणार. हा हिशोब सुचल्यावर मी स्वतःवरच खूश झालो. खाली उरलेले खुंट सवडीनं उपटून काढू म्हटलं.

झिलूअज्जांची एक रीत होती. जे उभं आहे ते कापायचं असेल, झाड असो की घराचा खांब, तर आधी त्याला करवत टेकवून ठेवायची आणि आपण जेवायला जायचं. जेवून येईपर्यंत करवत उभी असली तर कापायचं. पडलेली असली तर हात जोडायचे आणि निघून यायचं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारलेलं त्यांना आवडायचं नाही. वीस वर्षांत करवत पडलेली मी दोनदा पाहिली. दोन्ही वेळा अज्जांनी हत्यारं गोळा केली आणि हातचं काम सोडलं.

शुक्रवारी दुपारी मीही सवयीनं करवत टेबलाच्या पायाला टेकवली आणि जेवायला गेलो. पडवीत केशरच्या खाटेशेजारी बसून भात खाल्ला. शेवटच्या घासाला आत खाडकन आवाज झाला.

"काय पडलं वो?" केशरनं विचारलं.

"काय न्हाई. वारा असंल," मी म्हणालो.

करवत पायाजवळ घसरलेली नव्हती. ती टेबलापासून चार फुटांवर पडली होती, दात वर करून. मी ती उचलली. पाच आठवडे बायको खाटेवर आहे, आणि मी एका करवतीपायी हात जोडून निघून जाऊ? मला रागच आला. कापायला घेतलं.

चाळीस वर्षांचं वाळलेलं लाकूड ते. भुसा कोरडा, धुरळ्यासारखा पडायला हवा होता. तो ओला पडला. माझ्या बोटांना चिकटला आणि नुकतंच झाड तोडल्यावर येतो तसा वास शेडभर पसरला. जमिनीतली ओल वर चढली असेल, असं मी स्वतःला समजावलं आणि चारही पाय कापून मोकळा झालो.

३

शनिवारी चाकं बसवली. कापलेल्या टोकांना गुण्या लावून काटकोन पाहिला, भोकं पाडली, बोल्ट आवळले, वर लेव्हल ठेवली. बुडबुडा मधोमध. शेड आणि पडवीच्या मधल्या उंबऱ्यावर उतरती फळी टाकली आणि टेबल ढकललं. शेणानं सारवलेल्या टणक जमिनीवरून ते अल्लद आलं. केशरच्या खाटेपासून हातभर अंतरावर उभं केलं आणि चारही ब्रेक दाबले.

"आता टेबलबी माझ्यासंगं इकडं तिकडं फिरणार म्हना की," केशर म्हणाली. "म्या पडून आन ते फिरायलंय."

"तूबी फिरशील. गुरवारी उबी करत्यात."

"उबी र्‍हायल्यावर पयल्यांदा तुमच्या शेडात येते. भुसा किती साचलाय बगायला."

बऱ्याच दिवसांनी ती हसली. मी खिडकीच्या चौकटीला रंधा मारत राहिलो, ती ढलप्या गोळा करून बोटाला गुंडाळत राहिली. मधेच पायाची बोटं हलवून दाखवायची. असं वाटलं की आपण मोठं शहाणपणाचं काम केलं.

ऊन कलल्यावर ती म्हणाली, "पाय गार पडल्यात. दोनीबी." मी घोंगडी घातली. मोडला होता एकच, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

अंधार पडायच्या आत टेबल परत शेडमध्ये नेऊन ठेवलं. नेताना अंगठ्याला एका खुंटाची ठेच लागली आणि मी खुंटालाच शिवी दिली.

४

रविवारी सकाळी टेबल शेडच्या दाराशी होतं. मी ठेवलं होतं मधे, खुंटांच्या बाजूला. ते सहा फूट पुढं आलं होतं, बाहेर अंगणात उघडणाऱ्या दाराकडं.

ब्रेक पाहिले. चारही दाबलेले. तरी म्हटलं, जमीन उतरती असेल, रबर घसरलं असेल. लेव्हल लावली. जमीन उतरती होती खरी, पण दाराकडून आत. म्हणजे टेबल चढावर गेलं होतं. मी दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा पाणी ओतून पाहिलं. पाणी आत वाहत आलं.

चाकांची एखादी वस्तू चढावर जाण्याची कारणं मी दिवसभर शोधत होतो. एकही सापडलं नाही, पण शोधत राहिलं की भीती जरा लांब राहते. चाकांखाली दगड लावले.

संध्याकाळी केशरचे पाय पुसायला बसलो. तळवे थंडगार. मी गंमत म्हणून गुदगुल्या केल्या. ती वर कौलांकडे बघत राहिली.

"सुरू करा की," ती म्हणाली.

"काय सुरू करा?"

"पाय पुसायला."

मी खाली मान घालून पाय पुसले. माझा चेहरा तिला दिसू नये म्हणून बराच वेळ पुसत राहिलो.

५

शेजारची सुमंगला केशरला आंघोळ घालायला रोज येते. सोमवारी तिनं तेवढ्यात शेडची जमीनही सारवून काढली. टेबल मी सारवायच्या आधीच मधे ओढून दगड लावून ठेवलं होतं; सारवून झाल्यावर मी चौकट पोचवायला कुळगीला गेलो. परत यायला दोन तास लागले असतील.

मला पाहताच केशर म्हणाली, "जेवायला का थांबला न्हाई त्यो मानूस?"

"कंचा मानूस?"

"मगाशी तुमी घेऊन आलतासा की. शेडात पावलं वाजली. दोगं हुता न्हवं? चार पावलं वाजत हुती, एकामागनं एक."

मी आता येतोय हे तिला सांगितलं नाही. "व्हय, गेला त्यो," म्हणालो आणि शेडमध्ये शिरलो.

टेबल दाराच्या बाहेर होतं. निम्मं अंगणात, निम्मं आत. दगड होते तिथंच होते. आणि सारवण अजून ओलं होतं, त्यामुळं सगळं स्पष्ट दिसत होतं. टेबल ढकललं की चाकांच्या चार रेघा उमटतात. तिथं एकही रेघ नव्हती. नुसते ठसे होते. चाकाचा एक ठसा, मग वीतभर कोरी जमीन, मग पुढचा ठसा. चारही पायांचे तसेच. उचलून ठेवलेले.

मी गुडघ्यावर बसून ठशांमधलं अंतर मोजलं. पहिले जवळजवळ होते, वाकडेतिकडे. पुढं पुढं अंतर वाढत गेलं होतं आणि ठसे सरळ झाले होते. चालायला शिकताना असंच होतं. 

सुमंगला मागून येऊन उभी राहिली. "वासूअण्णा, माजं वलं सारवान का तुडवलं?" असं विचारता विचारता ती थांबली. खाली पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, आणि डोक्यावरचा पदर सारखा करून निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती पडवीत आली, पण शेडच्या उंबऱ्याच्या आत तिनं पाऊल टाकलं नाही.

६

आमच्याकडे फोन लागतो तो वळणावरच्या जांभळीखाली. मंगळवारी तिथं जाऊन झिलूअज्जांना फोन केला. बराच वेळ त्यांच्या लेकीनं फोन त्यांच्या कानाशी नेला नाही, झोपलेत म्हणाली. मी हटलो नाही.

"अज्जा, टेबलाचे पाय कापले म्या. चाकं लावली."

 अज्जा म्हणाले, "करवत लावलीवती?"

"लावलीवती."

"जेवून आल्यावर उबी हुती?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण लहानपणापासून या म्हाताऱ्यासमोर चूक कबूल करायची मला सवय नाही. त्यांनी कधी मारलं नाही, नुसतं हातातलं हत्यार काढून घ्यायचे. त्याचीच भीती या वयातही आडवी आली.

"हुती," मी म्हणालो.

"मग झालं तर," अज्जा मोकळे होऊन म्हणाले. "मग इचारू नगंस मला. काम कर जा." आणि फोन ठेवला.

मी जांभळीखाली उभा राहिलो. परत फोन करता आला असता. रेंजच्या चार पट्ट्या दिसत होत्या. लाजेनं केला नाही. त्या लाजेची किंमत काय, हे तेव्हा माहीत असतं तर मी चालत अणशीला गेलो असतो आणि त्यांचे पाय धरले असते.

घरी येऊन शेडमधून आरपार गेलो, आणि पडवीत पोचल्यावर लक्षात आलं की ठेच लागली नाही. तीन दिवस रोज लागत होती. मागं वळून पाहिलं. खुंट होते, पण बुटके. टेप लावला. चारही तीन इंच. शुक्रवारी मी स्वतः साडेपाच ठेवले होते.

कापलेले नव्हते. वर माझ्या करवतीच्या दातांच्या खुणा तशाच होत्या. खुंटच जमिनीत खाली गेले होते.

केशरनं पडवीतून हाक मारली. "अवो, गादीवर माती कुनी टाकली? पायाच्या बोटांत लागायलीय."

गादी झटकली. चादर उलटी केली. मातीचा कणही नव्हता.

७

बुधवारी मी ठरवलं, सगळं पूर्ववत करायचं. टेबल परत खुंटांवर बसवायचं, लोखंडी पट्ट्या लावून पाय जोडून टाकायचे. रीत मोडली तर मोडली, भरपाई करू.

टेबल एव्हाना पूर्ण अंगणात गेलं होतं, ते आत आणायला तासभर लागला. ब्रेक सोडलेले, जमीन आतल्या बाजूला उतरती, तरी ते ओढत आणावं लागलं. दावं लावलेलं जनावर अंग चोरतं तसं ते चोरत होतं. खुंटांपाशी आणून उभं केलं आणि घाम पुसला. खुंट आता जेमतेम अर्धा इंच वर होते.

आधी खुंटांना भोकं पाडू, मग चाकं काढू असा विचार केला. ड्रिलचं टोक पहिल्या खुंटाच्या मधोमध धरलं आणि बटण दाबलं. टोक लोण्यात गेल्यासारखं आत गेलं. कडेनं पाणी आलं.

पडवीतून केशर किंचाळली.

मी ड्रिल टाकून धावलो. ती दोन्ही हातांनी गादी आवळून होती. "तळव्याला!" ती म्हणत होती. "तळव्याला काय टोचलं वो, बगा की!" रविवारपासून तिला पायाला हात लावलेला कळत नव्हता. मी तळवा उलटा करून पाहिला. ओरखडाही नव्हता. तिचा श्वास हळूहळू खाली बसला. मी तिचं डोकं छातीशी धरून बसलो आणि माझ्या मनात जे जुळत होतं ते जुळू नये म्हणून जोरजोरात बोलत राहिलो. उद्या गुरुवार. उद्या जीप येणार. उद्या डॉक्टर बघतील, शिर दबली असेल, गोळी देतील.

"व्हय," केशर म्हणाली. "उद्या उबी र्‍हाते."

शेडचं दार मी बाहेरून लावलं. कडी घातली, कडीत पाचर ठोकली. परत आत पाऊल ठेवलं नाही.

८

गुरुवारी सुमंगलानं केशरला आंघोळ घातली, निळं लुगडं नेसवलं, केस विंचरले आणि ती घरी गेली. जीप अकराला येणार होती. दहा वाजून गेले होते. वॉकर, फायली, पाण्याची बाटली, सगळं मी अंगणातल्या पायरीवर आणून ठेवलं. लख्ख ऊन होतं. खालच्या शेतात कापणी झालेली, नुसते सड उरलेले.

बाजूला पाहिलं तर शेडचं दार उघडं होतं. पाचर जमिनीवर, दोन तुकडे झालेली.

टेबल आत नव्हतं. अंगणात नव्हतं. मी खाली शेताकडे पाहिलं आणि मग शेतापलीकडे, जिथून रान सुरू होतं तिथं. दोन मत्तीच्या झाडांच्या मधे ते उभं होतं. इतक्या लांबून फक्त फळीची कड आणि चार पाय दिसत होते. सडांतून चाकं कधी चालत नाहीत, ती रुततात. ते शेत ओलांडून गेलं होतं. मी बघत असताना ते हललं नाही. पण मला ठाम वाटलं की आत्तापर्यंत ते चालत होतं आणि मी पाहिलं म्हणून थांबलं.  मी पापणी मिटायला घाबरत होतो.

तेवढ्यात मागून केशरची हाक आली.

"अवो, हिकडं बगा तरी. म्या उबी हाय."

हाक पडवीतून आली नव्हती. शेडमधून आली होती.

९

पडवीतली खाट रिकामी होती. घोंगडी घडी घालून ठेवलेली. वॉकर तर बाहेर माझ्यापाशी होता.

केशर शेडच्या मधोमध उभी होती, टेबलाच्या जागी. कशालाही न धरता. कौलांच्या फटीतून आलेलं ऊन तिच्या केसांवर होतं आणि ती इतकी आनंदात होती की क्षणभर मीही हसलो. सहा आठवड्यांत मला तेवढंच तर हवं होतं.

"म्हनलं हुतं न्हवं, उबी र्‍हायल्यावर पयल्यांदा हितं येनार," ती म्हणाली. "बगा, कशी ताठ हाय."

"कशी आलीस?"

"ठावं न्हाई. पाय हितंच हुतं. म्या नुसती उटली."

मी जवळ गेलो. चारही खुंट कुठं दिसत नव्हते. जमीन सपाट होती, एकही भेग नाही, आणि निळ्या लुगड्याचा काठ चारी बाजूंनी जमिनीवर पसरलेला होता. तिच्यासमोर उभा राहिलो. लग्नाला अठरा वर्षं झाली, तिचं डोकं माझ्या हनुवटीला लागतं. आता ते माझ्या छातीला लागत होतं.

टेपची गरज नव्हती. तिच्या डोक्यामागं शेडची चौकट आणि चौकटीवरची पेन्सिलची रेघ दिसत होती. चार फूट आठ. साडेपाच इंच कमी.

मी तिला कमरेला धरलं आणि उचलायला गेलो. ती सुतभरही हलली नाही. हातभर खोल पुरलेला खांब मी उचलतोय, असा जोर लागला.

"ओडू नगासा!" ती कळवळली. "दुकतंय!"

"कुटं? पायात?"

"पायात न्हवं," ती म्हणाली. तिनं खाली पाहिलं आणि तिचा चेहरा पहिल्यांदाच बदलला. "त्येच्या खाली."

मी लुगड्याचा काठ उचलला नाही. कुदळ कोपऱ्यात होती, तिकडे पाहिलं आणि मला ड्रिल आठवलं. रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. ड्रायव्हरनं हाक दिली. मी दारापर्यंत गेलो आणि त्याला म्हणालो, "थांब जरा. जेवून येतो." दुसरं काही तोंडाला आलं नाही.

परत आलो तेव्हा केशर माझ्याकडे रोखून बघत होती. "त्या दिशी करवत पडली तवा वारा न्हवता," ती म्हणाली. "पडवीत म्या हुते की. मला ठावं हाय."

मी मान खाली घातली.

"आता तरी नीट इचारा," ती म्हणाली.

कोपऱ्यातून करवत आणली. कापायचं झालं तर काय कापायचं, हे मी तिला सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. करवतीची मूठ तिच्या कमरेला टेकवली, टोक जमिनीवर ठेवलं आणि हात काढून घेतला. करवत उभी राहिली. मग ताट वाढून आणलं. भात, वर आमसुलाचं सार. रीत जेवून येईपर्यंतची होती, पण तिला तिथं एकटी सोडून मला जाववेना. मी तिच्यासमोर उभा राहून तिला भरवू लागलो. एक घास तिला, एक मला. दोघांचे डोळे करवतीवर.

पहिले घास मी नेहमीसारखे केले. मग लहान करत गेलो. मग चिमूटभर. ताट संपलं की उत्तर मिळणार होतं आणि कुठलंही उत्तर मला नको होतं. हॉर्न दोनदा वाजला. दारातून रानाची कड दिसत होती, पण तिकडे मी पाहिलं नाही.

ताटात एक घास उरला. तो बोटांत धरून मी थांबलो.

करवतीचं टोक जमिनीवर खरखरलं. बोटभरच सरकलं. आवाज दोघांनीही ऐकला. अंगणात आंब्याचं एक पान हलत नव्हतं.

केशरनं माझ्याकडे पाहिलं आणि मला धीर द्यायला हसली.

"वारा असंल," ती म्हणाली. "घास द्या."